व्यापारी संस्था आणि आज्ञावलीची निवड : ‘लिओ’पासून हर्शीपर्यंत

१

व्यापारी संस्थेने आपल्या कारभारासाठी संगणकाची कोणती आज्ञावली स्वीकारावी, हा प्रश्न सामान्यतः खरेदीचा प्रश्न म्हणून हाताळला जातो. बाजारात उपलब्ध असलेल्या प्रणालींची यादी करावी, प्रत्येकीची किंमत, तिच्यातील सोयी व विक्रेत्याची पत यांचे कोष्टक मांडावे, त्यांस गुण द्यावेत आणि ज्या प्रणालीस अधिक गुण मिळतील ती घ्यावी, अशी ही रीत आहे. यंत्रसामग्रीच्या खरेदीत ही रीत बहुतांशी उपयुक्त ठरते. तथापि आज्ञावली ही यंत्रासारखी वस्तू नव्हे. मागणी कोणी नोंदवावी, माल कोणी द्यावा, रकमेस मंजुरी कोणी द्यावी आणि हिशोब कोणी तपासावा, या सर्व क्रियांचे ते एक लेखी वर्णन असते. आणि एकदा ती स्वीकारली म्हणजे त्या वर्णनानुसारच संस्थेस चालावे लागते. म्हणून आज्ञावलीची निवड करणारी संस्था वस्तुतः स्वतःच्या कामाच्या एका वर्णनाची निवड करीत असते.

या दृष्टीने पाहिले असता गेल्या पाऊणशे वर्षांच्या इतिहासात एक मोठा पालट घडलेला दिसतो. प्रारंभी संस्था आपल्या कामाचे वर्णन स्वतः करीत असे व त्यास अनुरूप यंत्र व आज्ञावली घडवीत असे. पुढे तयार आज्ञावली बाजारात आल्या. त्यांच्यासोबत कामाचे वर्णनही तयारच येऊ लागले. या पालटामुळे आज्ञावली स्वस्त व सुलभ झाल्या, यात शंका नाही. परंतु आपले काम आधी आपण नीट जाणून घेण्याची जी जबाबदारी पूर्वी टाळताच येत नव्हती, ती आता टाळता येण्यासारखी भासू लागली. प्रस्तुत निबंधात हा पालट तीन टप्प्यांत पाहावयाचा आहे : लंडनच्या लायन्स कंपनीचा १९४७ ते १९५४ या काळातील प्रयोग, १९६९ नंतर उदयास आलेली तयार आज्ञावलींची बाजारपेठ, आणि १९९० नंतरच्या दशकात दोन अमेरिकन कंपन्यांना आलेला अनुभव. शेवटी भारतातील परिस्थितीचा थोडक्यात विचार केला आहे.

२

जे. लायन्स आणि कंपनी ही चहाची दुकाने, बेकरी व भोजनगृहे चालविणारी ब्रिटिश संस्था. लंडनमधील पिकॅडिली येथे तिचे पहिले चहाचे दुकान १८९४ मध्ये उघडले. पुढे अशा दुकानांचे जाळे पसरले आणि हॅमरस्मिथमधील कॅडबी हॉल येथून त्यांना पाव, केक व इतर जिन्नस रोज पुरविले जाऊ लागले. या व्यापाराचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. प्रत्येक विक्री काही पेन्सांची आणि तिच्यावरील नफा त्याहूनही अल्प. परंतु विक्रीची संख्या प्रचंड. अशा स्थितीत एका विक्रीची नोंद ठेवण्यास लागणारा खर्च थोडाही वाढला तरी नफा नाहीसा होतो. कारकुनी कामाचा खर्च ही या संस्थेच्या दृष्टीने दुय्यम बाब नव्हती. तो तिच्या अस्तित्वाचा प्रश्न होता.

हे ओळखणारा अधिकारी म्हणजे जॉन सिमन्स. केंब्रिज येथे गणिताचे उच्च शिक्षण घेऊन तो १९२३ मध्ये लायन्समध्ये दाखल झाला. दप्तरातील कामाच्या पद्धतींचे संशोधन करणारा एक स्वतंत्र विभाग १९३० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत तेथे स्थापन झाला. एखादा कागद कोणाकडून कोणाकडे जातो, त्याची प्रत कशासाठी काढली जाते, आणि ती काढली नाही तर काय बिघडेल, असे प्रश्न विचारणे हेच या विभागाचे काम. संगणकाचा शोध लागण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षे लायन्समध्ये हे काम चालू होते, ही गोष्ट पुढील घटनांचा अर्थ लावताना विसरून चालणार नाही.

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, १९४७ मध्ये, ऑलिव्हर स्टँडिंगफर्ड व टी. आर. थॉम्पसन या दोन अधिकाऱ्यांस अमेरिकेतील दप्तरी पद्धती पाहण्यासाठी पाठविण्यात आले. तेथील व्यापारी कचेऱ्यांमध्ये त्यांना फारसे नवे काही आढळले नाही. परंतु प्रिन्स्टन येथे हर्मन गोल्डस्टाइन या गणितज्ञाची भेट घेतली तेव्हा इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांची माहिती मिळाली. इतकेच नव्हे, तर असे एक यंत्र इंग्लंडातच, केंब्रिज विद्यापीठात, मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधले जात आहे, हेही तेथेच कळले. मायदेशी परतल्यावर त्यांनी संचालकांना अहवाल सादर केला. विकत घेता येईल असे यंत्र त्या वेळी बाजारात नव्हते. म्हणून लायन्सने केंब्रिजच्या प्रकल्पास ३,००० पौंडांची देणगी दिली, आपला एक तंत्रज्ञ मदतीस पाठविला, आणि केंब्रिजचे ‘एडसॅक’ यंत्र मे १९४९ मध्ये यशस्वी रीतीने चालू झाल्यावर त्याच धर्तीचे यंत्र स्वतः बांधावयास घेतले. अभियंता म्हणून जॉन पिंकर्टन यांची नेमणूक झाली होती. या यंत्रास ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’ या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘लिओ’ असे नाव मिळाले.

येथे निवडीचा पहिला खरा प्रसंग उद्भवतो. केंब्रिजचे यंत्र वैज्ञानिकांसाठी होते. वैज्ञानिक गणनेत यंत्रास पुरवावयाची माहिती थोडी आणि तीवर करावयाची आकडेमोड पुष्कळ असते. दप्तरी कामात स्थिती नेमकी उलट : प्रत्येक कामगाराच्या वा प्रत्येक दुकानाच्या नोंदीवर आकडेमोड थोडी, परंतु नोंदी हजारो. लायन्सच्या लोकांना आपल्या कामाचे हे स्वरूप माहीत असल्यामुळे त्यांनी एडसॅकची केवळ नक्कल केली नाही. माहिती आत घेण्याचे व बाहेर देण्याचे अनेक मार्ग त्यांनी यंत्रास जोडले आणि पाऱ्याच्या नळ्यांवर आधारलेली स्मृती एडसॅकच्या चौपट केली. चुंबकीय फितीच्या साहाय्याने माहिती पुरविण्याची जी योजना बाहेरच्या एका कंपनीकडे सोपविली होती ती मात्र फसली. तेव्हा तिचा त्याग करून छिद्रित पत्रे व कागदी फिती यांवरच काम निभावण्यात आले.

आज्ञावली लिहिण्याचे काम डेव्हिड कॅमिनर यांच्याकडे आले. ते कार्यपद्धती-संशोधन विभागातून आले होते, ही गोष्ट सूचक आहे. पहिले नियमित व्यापारी काम म्हणून बेकरीच्या उत्पादनाचे साप्ताहिक मूल्यमापन निवडले गेले. त्याची चाचणी ५ सप्टेंबर १९५१ रोजी झाली व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेर ते काम पूर्णपणे लिओवर सोपविण्यात आले. नित्याचे व्यापारी काम संगणकावर करण्याच्या इतिहासाचा प्रारंभ सामान्यतः येथूनच मानला जातो. हे काम तुलनेने आटोपशीर होते, म्हणूनच ते प्रथम घेण्यात आले. पगारपत्रकाचे काम १९५४ च्या प्रारंभी, जुन्या पद्धतीशी ताडून पाहिल्यानंतरच, अधिकृतपणे यंत्राकडे गेले. अनुभवी कारकुनास एका कामगाराच्या पगाराचा हिशोब करण्यास सुमारे ८ मिनिटे लागत. लिओला तो दीड सेकंदात करता येई. एकाने लिहिलेली आज्ञावली दुसऱ्याने ओळीओळीने तपासावी, असा कॅमिनर यांचा दंडक होता.

परंतु या विभागाची खरी दृष्टी १९५४ मध्येच सुरू झालेल्या दुकानांच्या मागणी-व्यवस्थेत दिसून येते. प्रत्येक दुकानाची व्यवस्थापिका दुसऱ्या दिवशीच्या मालाची मागणी रोज संपूर्ण लिहून पाठवीत असे. तीच मागणी यंत्राकडून नुसती मोजून घेतली असती तर कागद तितकेच राहिले असते. त्याऐवजी प्रत्येक दुकानासाठी आठवड्याच्या प्रत्येक वाराची एक ठराविक मागणी निश्चित केली गेली. व्यवस्थापिकेने तीत करावयाचा बदल तेवढा दूरध्वनीवरून कळवावा आणि मुख्य कचेरीतील कारकुनाने तो ऐकता ऐकताच पत्र्यावर छिद्रित करावा, अशी योजना झाली. मागणीचे स्वरूप दिवसागणिक फारसे पालटत नाही, ही गोष्ट दुकानांच्या निरीक्षणातूनच समजली होती. यंत्र येथे साधन होते. सुधारणा कामाच्या वर्णनात झाली होती.

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. लायन्सने १९५४ मध्ये लिओ कॉम्प्यूटर्स ही स्वतंत्र कंपनी स्थापन करून इतरांसाठीही यंत्रे बांधली. परंतु चहा व केक विकणाऱ्या संस्थेस हा व्यवसाय दीर्घकाळ पेलणारा नव्हता, आणि १९६३ मध्ये तो इंग्लिश इलेक्ट्रिक या कंपनीच्या संगणक-विभागात विलीन झाला. प्रत्येक व्यापाऱ्याने आपले यंत्र व आपली आज्ञावली स्वतः घडवावी, असा धडा लिओच्या इतिहासातून निघत नाही. निघतो तो इतकाच की, लायन्सने यंत्र स्वीकारण्यापूर्वी आपल्या कामाची छाननी केलेली होती.

३

१९६० च्या सुमारास संगणक विकणाऱ्या कंपन्या यंत्रासोबतच आज्ञावली व तज्ज्ञांचे साहाय्य पुरवीत, त्याची वेगळी किंमत आकारीत नसत. त्यामुळे आज्ञावलीची स्वतंत्र निवड हा प्रश्न ग्राहकापुढे क्वचितच उभा राही. यंत्राची निवड झाली की बाकीचे तिच्यामागून येई. उरलेली गरज भागविण्यासाठी संस्था आपल्याच नोकरीतील माणसांकडून आज्ञावली लिहवून घेत. स्वतंत्रपणे आज्ञावली विकण्याचे प्रयत्न काही अमेरिकन कंपन्यांनी चालविले होते. इन्फर्मेटिक्स या कंपनीची ‘मार्क फोर’ ही आज्ञावली १९६७ पासून विक्रीस होती. परंतु जी वस्तू यंत्राबरोबर फुकट मिळते असे ग्राहकास वाटते, तिच्यासाठी त्याच्याकडून पैसे घेणे कठीण होते.

ही परिस्थिती १९६९ मध्ये पालटली. त्या वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेच्या न्यायखात्याने आय. बी. एम. या कंपनीविरुद्ध मक्तेदारीविषयक खटला दाखल केला. २३ जून रोजी त्या कंपनीने यंत्र, आज्ञावली व सेवा यांच्या किमती विभक्त करीत असल्याचे जाहीर केले. या दोन घटनांचा परस्परसंबंध किती निकटचा होता याविषयी मतभेद असले तरी परिणाम स्पष्ट आहे. आज्ञावली ही किंमत असलेली, तुलना करता येण्याजोगी, निवडण्याची वस्तू ठरली.

याच कंपनीच्या जर्मन शाखेतून बाहेर पडलेल्या पाच अभियंत्यांनी एप्रिल १९७२ मध्ये वाइनहाइम येथे ‘सॅप’ या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेली संस्था स्थापिली. डीटमार हॉप, हासो प्लाटनर, क्लाउस चिरा, हान्स-वेर्नर हेक्टर व क्लाउस वेलेनरॉयटर हे ते पाच जण होत. त्यांचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या ब्रिटिश कंपनीचा ऑस्ट्रिंगेन येथील नायलॉनचा कारखाना. संस्थेजवळ स्वतःचा संगणक नसल्यामुळे तिचे संस्थापक गिऱ्हाइकाच्याच यंत्रावर काम करीत. छिद्रित पत्र्यांचे गठ्ठे रात्री एकदम यंत्रात घालण्याऐवजी नोंद होताक्षणी हिशोब अद्ययावत व्हावा, ही त्यांची एक कल्पना; आणि एका कारखान्यासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यासही विकता यावी, ही दुसरी. इतिहासाच्या दृष्टीने दुसरी कल्पना अधिक महत्त्वाची होय. जमाखर्चाची आज्ञावली १९७३ मध्ये तयार झाली. पुढे साठा, खरेदी, उत्पादन व विक्री यांचे विभाग तीस जोडले गेले. आणि १९९२ मध्ये लहान यंत्रांच्या जाळ्यावर चालणारी ‘आर-थ्री’ ही आवृत्ती बाजारात आली.

एका कारखान्याची आज्ञावली दुसऱ्यास विकावयाची, याचा अर्थ काय होतो? पहिल्या कारखान्याच्या कामाच्या वर्णनातील विशिष्ट भाग वगळून सामान्य भाग तेवढा ठेवावा लागतो. जेथे दोन गिऱ्हाइकांच्या पद्धती भिन्न असतील तेथे दोन्ही पर्याय ठेवून निवड गिऱ्हाइकावर सोपवावी लागते. अशा रीतीने गिऱ्हाइके वाढतात तसे पर्याय वाढतात, आणि अखेरीस तयार आज्ञावली हा असंख्य कोष्टकांचा संग्रह बनतो. जी संस्था ती विकत घेते तिला ही कोष्टके भरावी लागतात. म्हणजेच जे वर्णन लायन्सने यंत्रापूर्वी लिहिले होते तेच तिला खरेदीनंतर, विक्रेत्याच्या शब्दांत व सल्लागाराच्या मदतीने, लिहावे लागते. जेथे आज्ञावलीतील एकही पर्याय संस्थेच्या रीतीशी जुळत नाही तेथे दोनच मार्ग उरतात : आपली रीत बदलावी, किंवा आज्ञावलीत बदल करून घ्यावा. पहिल्या मार्गात माणसांस कष्ट पडतात. दुसऱ्या मार्गात पुढील प्रत्येक नवी आवृत्ती स्वीकारताना तो बदल पुन्हा करावा लागतो. विशेष हे की, कोणता मार्ग केव्हा घ्यावा हे ठरविण्यास आपली कोणती रीत व्यापाराचे मर्म आहे आणि कोणती केवळ सवय आहे, हे आधी कळावे लागते. ते विक्रेता सांगू शकत नाही.

४

१९९० नंतरच्या दशकात अशा सर्वसमावेशक आज्ञावलींची मागणी झपाट्याने वाढली. जुन्या आज्ञावलींत वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदविण्याची प्रथा असल्यामुळे २००० साल उजाडताच हिशोब चुकतील, ही भीती त्या मागणीचे एक मोठे कारण होते. या काळातील दोन उदाहरणे व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत वारंवार चर्चिली गेली आहेत.

पहिले उदाहरण टेक्सासमधील फॉक्समेयर या औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याचे. या कंपनीने १९९३ मध्ये आर-थ्री ही आज्ञावली निवडली. निवडलेली प्रणाली कारखानदारांमध्ये यशस्वी ठरलेली होती. त्यामुळे गुणांच्या कोष्टकात तिला वरचे स्थान मिळणे स्वाभाविक होते. परंतु घाऊक औषधव्यापाराचे स्वरूप निराळे होते. हजारो औषधदुकानांच्या लहानलहान मागण्या तेथे रात्रभर हाताळाव्या लागत. जुनी व्यवस्था एका रात्रीत सुमारे ४,२०,००० मागण्या हाताळीत असे. नवी सुमारे १०,००० हाताळू शकते असे आढळून आले. त्याच वेळी कंपनीने यंत्रचलित गोदाम उभारण्याचे कामही हाती घेतले होते, आणि नवी प्रणाली खर्च वाचवील या भरवशावर मोठी कंत्राटे कमी दरात स्वीकारली होती. ऑगस्ट १९९६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. दिवाळखोरीच्या व्यवस्थापकांनी पुढे आज्ञावलीची विक्रेती कंपनी व सल्लागार संस्था यांच्यावर दावे लावले. दोघांनीही आरोप नाकारले. दिवाळखोरीची अन्य कारणेही होती, म्हणून केवळ आज्ञावलीवर दोष ठेवणे युक्त होणार नाही. तथापि इतके निश्चित म्हणता येते की, एका रात्रीत किती मागण्या हाताळाव्या लागतात हा या व्यापारातील मूलभूत आकडा होता, आणि निवडीच्या वेळी त्याची कसोटी लावली गेली नाही. केंब्रिजचे यंत्र पाहताना लायन्सच्या अधिकाऱ्यांनी जो प्रश्न प्रथम विचारला, तो येथे शेवटी विचारला गेला.

दुसरे उदाहरण हर्शी या चॉकलेट बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीचे. तिने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलरांचा प्रकल्प हाती घेतला व तीन निरनिराळ्या विक्रेत्यांच्या आज्ञावली एकत्र बसविण्याचे ठरविले. सल्लागारांनी ४८ महिन्यांची मुदत सुचविली होती. २००० सालाच्या धास्तीने ती ३० महिन्यांवर आणण्यात आली. व्यवस्था जुलै १९९९ मध्ये चालू झाली. अमेरिकेत ऑक्टोबरअखेरच्या हॅलोवीन या सणास मिठाईचा मोठा खप असतो व त्यासाठीच्या मागण्या जुलैपासूनच येऊ लागतात. अशा ऐन हंगामात गोदामांत माल असूनही सुमारे १० कोटी डॉलरांच्या मागण्या वेळेवर पुऱ्या करता आल्या नाहीत, आणि त्या तिमाहीचा नफा १९ टक्क्यांनी घसरला. अडचणीच्या कारणांपैकी एक असे सांगितले जाते की, हंगामात वाढलेला माल तात्पुरत्या जागी साठविण्याची जी रीत कंपनीत चालत आलेली होती, तिची नोंद नव्या प्रणालीत झालेली नव्हती. ती रीत गोदामातील माणसांस ठाऊक होती; कोठेही लिहिलेली नव्हती.

या उदाहरणाचा उत्तरार्ध अधिक उद्बोधक आहे. हर्शीने ती आज्ञावली टाकून दिली नाही. २००२ मध्ये तिच्याच पुढील आवृत्तीकडे कंपनी वळली व या वेळी पुरेशा चाचण्या घेतल्यामुळे संक्रमण सुरळीत पार पडले. संस्था तीच, विक्रेता तोच. फळ मात्र भिन्न. गुणांच्या कोष्टकाने या भेदाचा उलगडा होत नाही.

५

भारतात हा प्रश्न आरंभी निराळ्या स्वरूपात पुढे आला. आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याचा विचार १९६० नंतरच्या दशकात सुरू झाला तेव्हा कर्मचारी संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. विशेषतः कलकत्त्यात हा लढा गाजला. पुढे यांत्रिकीकरणाच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली व तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील या अर्थशास्त्रज्ञाकडे हे काम यावे, यावरूनच प्रश्नाचे तत्कालीन आकलन स्पष्ट होते : संगणकाची निवड ही केवळ मालकाची खासगी बाब नसून रोजगाराशी निगडित सामाजिक बाब आहे. ज्यांच्या कामाचे वर्णन यंत्रात जाणार त्यांचे म्हणणे ऐकावे, ही मागणी त्या काळी नोकरी वाचविण्यासाठी केली गेली. परंतु हर्शीच्या गोदामाचा अनुभव ध्यानात घेता, मालकाच्या स्वतःच्या हितासाठीही ती तितकीच आवश्यक होती असे दिसते.

छोट्या व्यापाऱ्याच्या बाबतीत बंगलोरच्या श्यामसुंदर गोयंका यांचे उदाहरण बोलके आहे. गिरण्यांना व कारखान्यांना सामग्री पुरविणाऱ्या या व्यावसायिकास आपल्या हिशोबास योग्य अशी आज्ञावली बाजारात आढळली नाही; म्हणून त्यांनी आपले पुत्र भरत गोयंका यांच्याकडून ती लिहवून घेतली. त्यातून १९८६ मध्ये प्युट्रॉनिक्स ही कंपनी निघाली, आणि तिची ‘टॅली’ ही आज्ञावली पुढे देशभरातील दुकानांत व कचेऱ्यांत पोहोचली. लायन्सप्रमाणेच येथेही आरंभ तंत्रज्ञाच्या प्रयोगशाळेत न होता व्यापाऱ्याच्या वह्यांपाशी झाला. रोजकीर्द, खतावणी व तेरीज यांची शिस्त ज्याच्या हाडीमाशी खिळली आहे, त्याला आज्ञावलीकडून नेमके काय हवे ते सांगता येते.

६

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, आज्ञावलींची परस्पर तुलना ही निवडीची उत्तर-पायरी होय. आपल्या कामाचे लेखी वर्णन व त्याची छाननी ही पूर्व-पायरी. लायन्समध्ये पूर्व-पायरी अनिवार्य होती, कारण विकत घेण्यासारखे काहीच नव्हते. बाजार समृद्ध झाल्यावर ती वगळण्याचा मोह उत्पन्न झाला. दुसरा, हे वर्णन वरिष्ठांच्या टिपणांवरून पुरे होत नाही. चहाच्या दुकानाची व्यवस्थापिका आणि गोदामातील हमाल यांना ठाऊक असलेल्या गोष्टी त्यात आल्या पाहिजेत, कारण प्रणाली अडते ती बहुधा अशाच ठिकाणी. तिसरा, प्रत्येक व्यापारात एखाद-दुसरे परिमाण असे असते की ज्यावर सर्व कारभार तोललेला असतो. लायन्समध्ये ते एका नोंदीचा खर्च होते, फॉक्समेयरमध्ये एका रात्रीतील मागण्यांची संख्या. इतर शंभर सोयींची यादी करण्यापूर्वी या परिमाणाची प्रत्यक्ष चाचणी झाली पाहिजे.

यंत्रांची शक्ती १९५१ नंतर कल्पनातीत वाढली आहे, आणि पाऱ्याच्या नळ्यांतील स्मृती आज संग्रहालयाची वस्तू ठरली आहे. मात्र बेकरीच्या मूल्यमापनाचे काम हाती घेण्यापूर्वी कॅमिनर व त्यांचे सहकारी ज्या प्रश्नावलीने आरंभ करीत, तिच्यातील प्रश्न जुने झालेले नाहीत. हा कागद कोणासाठी, ही नोंद कशासाठी, आणि ती नसल्यास काय अडेल, यांची उत्तरे ज्या संस्थेजवळ आहेत तिला सामान्य आज्ञावलीही उपयोगी पडते. ज्या संस्थेजवळ ती नाहीत, तिला कोणती आज्ञावली घ्यावी हे अद्याप विचारण्याची वेळ आलेली नसते.